तीनशे ग्रॅमचा फरक

१

शनिवार, १७ डिसेंबर १९७७. दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं. कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनातल्या एकोणीस नंबरच्या टेबलासमोर रंभाबाईंनी दुसरी तबकडी उचलली, ठेवली. तिसरी उचलली, ठेवली. मग दोन हातांत दोन्ही घेतल्या.

"ह्या दोनीबी सारख्याच हायत की," त्या म्हणाल्या.

रांगेतली पोरं हसली. टेबलावर तीन तबकड्या होत्या. एक लोखंडाची, एक ॲल्युमिनियमची आणि एक बेरिलियम नावाच्या धातूची. तिन्ही एकाच मापाच्या, पंधरा सेंटिमीटर रुंद आणि दोन सेंटिमीटर जाड. तिसरीपुढच्या पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'सर्वांत हलकी. उचलून पाहा.' दोन वाजल्यापासून दीडएकशे माणसांनी ती उचलली होती आणि 'हो, खरंच हलकी' म्हणत माणसं पुढं सरकली होती. डोळ्यांनी वाचलं ते हातांनी मान्य केलं होतं. रंभाबाईंना वाचता येत नव्हतं.

"आजी, तिसरी हलकी आहे. परदेशातला धातू आहे तो," एक मुलगा म्हणाला.

"आसंल परदेशातला. मी तीस वर्सं वांगी जोकती, बाबा. ही किलोला पन्नासेक कमी. आन् हीबी तेवढीच. तुजी परदेशातली म्हणून काय जास्त धरू?"

पलीकडच्या टेबलावर वजनमापे खात्याचं प्रदर्शन होतं. तिथले निरीक्षक गुरुलिंग उंबरजे हातातला फडका ठेवून उठले. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. दोन वर्षांपूर्वी त्यांनी रंभाबाईंचं झिजलेलं किलोचं वजन जप्त केलं होतं. जप्तीआधी बाई म्हणाली होती, "बारा ग्रॅमनं खाल्लंय ते." काट्यावर बारा ग्रॅमच कमी भरले होते.

उंबरजेंनी दोन्ही तबकड्या आपल्या काट्यावर ठेवल्या. ॲल्युमिनियमची भरली नऊशे चोपन्न ग्रॅम. तिसरी भरली नऊशे त्रेपन्न. पाटीवर आकडा होता सहाशे चोपन्न.

त्यांनी डॉ. हेमावती म्हमाणे यांना बोलावलं. तबकडी त्यांची होती. हेमावतीबाई मूळच्या अक्कलकोटच्या. आता बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत अवकाशात पाठवायच्या दुर्बिणींच्या आरशांवर काम करत. काल याच कॉलेजात त्यांचं व्याख्यान झालं होतं. त्यांनी तबकडी खिडकीकडं नेली, तिच्या चकचकीत बाजूत एकदा पाहिलं आणि सांगितलं, "ही माझी नाही. बेरिलियमची झाक करडी असते. हे पांढरं दिसतंय. हे ॲल्युमिनियम आहे."

"चोरी," उंबरजे म्हणाले.

"चोरीचं राहू द्या." त्यांचा आवाज खाली आला. "तबकडी हातात घेतली तर काही होत नाही. पण ज्यानं नेली त्यानं तिला करवत लावली, कानस मारली, तर जी भुकटी उडेल ती विष आहे. श्वासातून आत गेली की फुप्फुसं निकामी होतात. कधी महिन्यांत, कधी पाच-दहा वर्षांनी. आणि मग काही उपाय नाही."

उंबरजेंनी घड्याळ पाहिलं. तीन वाजून बत्तीस मिनिटं.

२

लाउडस्पीकरवरून दोनदा सांगितलं गेलं. तबकडी ज्याच्याकडं असेल त्यानं ती कापू नये, घासू नये, आहे तशी परत करावी, काही विचारलं जाणार नाही. कुणी पुढं आलं नाही. प्राचार्यांनी पोलीस चौकीला फोन केला. फौजदार बंदोबस्तावर गेले होते, ते संध्याकाळी सहानंतर येणार होते.

"सहानंतर उशीर होईल," हेमावतीबाई म्हणाल्या.

"मला फक्त काटे तपासायचा अधिकार आहे," उंबरजे म्हणाले. "पण प्रश्न विचारायला अधिकार लागत नाही. तबकडी शेवटची खरी कधी होती?"

"बारा पन्नासला. मी मुलांसमोर स्वतः ताणकाट्यावर वजन केलं."

एक ते दोन जेवणासाठी प्रदर्शन बंद होतं. शिपायानं हॉलला बाहेरून कुलूप घातलं होतं. दोननंतर टेबलासमोरची रांग तुटली नव्हती. दीडएकशे माणसांच्या डोळ्यांदेखत तबकडी बदलणं शक्य नव्हतं. म्हणजे बदल जेवणाच्या तासातच झाला होता. त्या तासात कुलपाच्या आत चार माणसं होती. पदार्थविज्ञानाचे प्रा. शंकरप्पा करजगी, कॉलेजच्या वर्कशॉपमधला लेथवाला धोंडीराम आणि हातमागाचं प्रात्यक्षिक दाखवायला आलेले नरसय्या चिलका व त्यांची बायको अंबुबाई.

टेबलाखाली तबकडीची लाकडी पेटी होती. उंबरजेंनी ती उघडली. आत मखमलीचं एक गोल झाकण होतं.

"हे कशाला?"

"आरशाच्या तोंडावर बसवतो. बोट लागलं तरी डाग पडतो."

"चोरानं आरसा नेला आणि झाकण ठेवलं." उंबरजेंनी पेटी मिटली. "ज्याला आरसा हवा असतो तो झाकण आधी उचलतो. याला चमक नको होती. धातू हवा होता. म्हणजे तो कापणार."

"या धातूत असं काय आहे, ते मला साध्या भाषेत सांगा."

"दोन गोष्टी. ॲल्युमिनियमपेक्षा हलका आणि पोलादापेक्षा ताठ. अवकाशात ग्रॅमाग्रॅमाचं ओझं मोजावं लागतं. शिवाय दुर्बीण तिथं शून्याखाली अडीचशे अंशांपर्यंत गार करायची असते, अशा थंडीत आरसा वाकडा झाला तर तारा दिसायचा नाही, नुसता डाग दिसेल. हा धातू सगळीकडून सारखा आकसतो आणि आपला आकार धरून ठेवतो. माझी तबकडी चाचणीतली होती. केसाच्या हजाराव्या भागाइतकी चूक निघाली म्हणून नापास झालेली."

"हे काल व्याख्यानात सांगितलंत?"

"सगळं. नापास झाल्याचंसुद्धा."

"आणि विषाचं?"

"ते पाटीवर होतं, म्हणून व्याख्यानात बोलले नाही."

उंबरजे टेबलापाशी गेले. पाटीवर चार ओळी होत्या. नाव, माप, वजन, उपयोग. विषाचा शब्दही नव्हता.

३

पाटी प्रा. करजगींच्या हस्ताक्षरात होती. करजगी दहा वर्षं घरी काचेचा आरसा घासत होते, आठ इंची दुर्बिणीसाठी. शहरात त्यांना गमतीनं 'घासणारे सर' म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

"मी घेतली असं वाटतं ना?" ते म्हणाले. "वाटू द्या. काल मी बाईंना विचारलं होतं, ही चमक किती वर्षं टिकते. हॉलमध्ये सगळ्यांनी ऐकलं."

"तुम्ही घेतली असती तर झाकणासकट घेतली असती," उंबरजे म्हणाले. "मला पाटीबद्दल विचारायचंय. बाईंनी तुम्हाला लिहून दिलेला कागद कुठंय?"

करजगींनी खिशातून घडी काढली. कागदावर पाच ओळी होत्या. पाचवी अशी: 'कापू नये, घासू नये, भुकटी प्राणघातक.'

"ही का गाळलीत?"

"लोक हात लावायला भ्याले असते." करजगी कागदाकडं बघत होते. "उचलून बघण्यातच तर सगळी मजा. विष म्हटलं की टेबलाजवळ कुत्रं फिरकलं नसतं. आणि प्रदर्शनात करवत घेऊन कोण येतंय, असं वाटलं."

हेमावतीबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी तो कागद हातात घेतला, वाचला आणि परत दिला.

"सर, तुम्ही मला शिकवलंत," त्या म्हणाल्या. "मोजमाप लिहिताना एकही रकाना मोकळा सोडायचा नाही, असं."

करजगींनी चष्मा काढला. "शिव्या नंतर द्या, बाई. आधी त्याला शोधा. मी येतो तुमच्याबरोबर, लागेल तिथं."

"आधी एक सांगा," उंबरजे म्हणाले. "जेवणाच्या तासात कोण कुठं होतं?"

"मी माझ्या टेबलावर, भिंतीकडं तोंड करून. धोंडीराम शिडीवर, पंखा दुरुस्त करत. आणि नरसय्या मागावर."

"पाहिलंत?"

"ऐकलं. तासभर खटखट चालू होती. एकदासुद्धा थांबली नाही. डोकं उठलं होतं माझं."

उंबरजेंनी वहीत नरसय्याच्या नावावर बारीक रेघ मारली. मागावर बसलेला माणूस त्याच वेळी बारा पावलांवरच्या टेबलाशी नसतो. उरली अंबुबाई आणि धोंडीराम. धातू कापायचं यंत्र त्याच्याकडं होतं, आणि लोखंड व ॲल्युमिनियमच्या तबकड्याही त्यानंच बनवल्या होत्या.

४

"म्या न्हाय घेतली," प्रश्न यायच्या आधीच धोंडीराम म्हणाला. तो करमाळ्याकडचा, पन्नाशीचा. "पर तुमी आता म्हणशीला, ही खोटी तबकडी कुणाची? तर ती माजीच हाय. वळखली मी. आधी एक केली, तिच्यात ओतकामाचं भोक निगालं, शेंगदाण्याएवडं. म्हणून दुसरी केली. पयली भंगारात फेकली, वर्कशॉपमागं. तितनं कुनीबी उचलावी."

उंबरजेंनी खोटी तबकडी उलटी केली. काट्यावर तिचा एक ग्रॅम कमी भरला होता. एकाच धातूच्या, एकाच मापाच्या दोन वस्तूंत एक ग्रॅमचा फरक का, हे त्यांच्या डोक्यात मघापासून घोळत होतं. भोक वरून दिसत नव्हतं. त्यांनी नखानं मागची बाजू चाचपली. एका जागी नख किंचित रुतलं.

"भोक बुजवलंय. तू बुजवलंस?"

धोंडीरामनं पाहिलं, नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं. "ह्ये? मी बुजवलं आसतं तर शिसं वतलं आसतं, सायेब. ह्यो तर कणकेचा गोळा हाय."

"सर, तुम्ही बुजवलं असतं तर?"

"मी डांबर वापरलं असतं," करजगी म्हणाले. "आरसा घासताना रोज तेच हाताळतो."

हेमावतीबाईंनी सुईनं कण काढून बशीतल्या पाण्यात टाकला. तो फुगला, चिकट झाला. वर तेलाचे बारीक थेंब तरंगले. रंग जुळावा म्हणून मिसळलेली ॲल्युमिनियमची बारीक भुकटी तळाशी बसली.

"पिठाची चिक्की," करजगी म्हणाले. "तक्ते चिकटवायला आम्हीही हीच केली होती. बादलीभर पडलीये अजून."

"तुमच्या चिक्कीत काय असतं?"

"मैदा, पाणी आणि मोरचूद. नाहीतर झुरळं तक्ते खातात. त्या मोरचुदानं हिरवट दिसते ती."

बशीतलं पाणी पांढरं होतं. हिरवटपणाचा मागमूस नव्हता. उंबरजेंनी त्यात बोट बुडवून अंगठ्यावर घासलं.

"पीठ आणि तेल," ते म्हणाले. "चिकटवायच्या चिक्कीत कुणी तेल घालत नाही, तेलानं चिकटत नाही ती. पीठ उकळून त्यात तेल कोण घालतं, धोंडीराम?"

धोंडीरामनं मान वळवून हॉलच्या दुसऱ्या टोकाकडं पाहिलं. "सूत कडक व्हावं पर तुटू नये म्हणून घालत्यात. खळ म्हणत्यात तिला." मग तो चाचरला. "पर सायेब, त्यो तर मागावर बसला हुता. मी शिडीवरनं आयकत हुतो की."

दुसऱ्या टोकाकडून मागाची खटखट ऐकू येत होती. आत्ताही, एका लयीत. उंबरजे तिकडं चालू लागले. मागावर नरसय्या नव्हता. अंबुबाई बसली होती.

५

"ते सूत आणायला गेलेत," अंबुबाई म्हणाली. पंचेचाळीसची, कपाळावर मोठं कुंकू. "दोनला हॉल उघडला तेव्हाच गेले. येतील की आता."

"आणि एक ते दोन?"

"तेच विणत होते. मी डबा खात होते." हे सांगताना तिनं धोट्याकडं पाहिलं.

प्रात्यक्षिकाच्या मागावर हातभर रुंदीचं फुलांचं कापड होतं. कापडाच्या काठाला ठरावीक अंतरावर लाल दोऱ्याच्या गाठी होत्या.

"या कशाला?"

"तुमच्या सरांनीच सांगितलं. दर तासाला एक गाठ मारा म्हणाले. तासाला किती कापड होतं ते मुलांना कळतं."

उंबरजेंनी खिशातून पोलादी फूटपट्टी काढली. दहा ते अकरा, बारा सेंटिमीटर. अकरा ते बारा, बारा. बारा ते एक, पुन्हा बारा. एक ते दोन, सात. दोन ते तीन, सात.

ते खाली वाकले. पहिल्या तीन भागांतली फुलं रेखीव होती. शेवटच्या दोन भागांत पाकळ्यांच्या कडा तुटक होत्या. जिथं धागे उचलले जायला हवे होते तिथं काही धागे खालीच राहिले होते.

"दोननंतर तुम्ही विणताय, हे सगळ्यांनी पाहिलंय," ते म्हणाले. "म्हणजे हे सात सेंटिमीटर तुमचे. मग त्याआधीचे सात कुणाचे, अंबुबाई? तेवढीच लांबी, तशीच तुटकी फुलं. दोन माणसं एकसारखं चुकत नाहीत."

तिचा पाय पावडीवर थांबला. हॉलमध्ये पहिल्यांदा शांतता झाली.

"माझेच," ती म्हणाली. "गुडघा गेलाय माझा. फुलाचे धागे उचलणारी ही वरची लोखंडी चौकट, पावडी दाबली की उचलली जाते. जड आहे. पाय पुरा दाबत नाही, मग धागे निम्मे उचलतात. डॉक्टर म्हणाले माग बंद करा. मीच त्यांना म्हणाले, तुम्ही जेवा, मी बसते. लोकांनी म्हणायला नको, आजारी बायकोला जुंपलं. म्हणून खोटं बोलले. बाकी काही नाही."

"त्या वेळात ते कुठं होते?"

"जेवले. मग फिरत होते. बघत होते सगळं." तिनं हात पदराला पुसले. "काय झालंय?"

हेमावतीबाईंनी विचारलं, "काल व्याख्यानाला तुम्ही दोघं होतात? चित्रं दाखवताना दिवे बंद होते. मागून कुणीतरी विचारलं होतं, 'बाई, याची लांब पट्टी काढली तर वाकेल का?' मी म्हणाले होते, पोलादापेक्षाही कमी."

अंबुबाईचा चेहरा उतरला. उत्तर तिनं आतल्या आतच जुळवलं होतं.

"तेच होते," ती म्हणाली. "वर्षभर झालं, त्या चौकटीतल्या लोखंडी पट्ट्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या बसवून बघतायत. हलकं होतं, पण वाकतात. तीन वेळा वाकल्या. अय्यो... ते मघाशी भोंग्यावर सांगत होते, कापू नका म्हणून... ते हेच?"

"सूत आणायला नाही गेले ते," उंबरजे म्हणाले.

"नाही. घरी गेलेत. साखर पेठेत." ती मागावरून उठली आणि गुडघ्यात कळ आली तशी तिनं मागाची चौकट धरली. "खिडकीत त्यांची वाइस बसवलीये, धातू पकडून कापायला. घरच्या मागाला लागून."

चार वाजून बारा मिनिटं झाली होती.

६

रिक्षात चौघं बसली. पुढं चालकाला चिकटून उंबरजे, मागं करजगी आणि दोघी बाया. नवी पेठेत शनिवारची गर्दी होती. कापड दुकानांसमोर बैलगाडीचं चाक निखळलं होतं आणि दोन्ही बाजूंनी रस्ता बंद होता.

"फिरवून घेऊ?" चालकानं विचारलं.

"किती वेळ लागेल?"

"पंधरा मिन्टं तरी."

उंबरजे उत्तर देईपर्यंत अंबुबाई उतरून गर्दीत शिरली होती. तिच्यामागं बाकीचे. गुडघा गेलेली बाई पुढं आणि धडधाकट माणसं मागं, असं ते चालले. एका ठिकाणी करजगींनी तिचा हात धरायचा प्रयत्न केला.

"सर, मला धरू नका, माणसं बाजूला करा!" ती म्हणाली. प्राध्यापकांनी आयुष्यात पहिल्यांदा नवी पेठेत आरडाओरडा केला.

"बाई," चालता चालता उंबरजेंनी विचारलं, "त्यानं कापायला घेतलं असेल तर?"

"हा धातू चिवट आहे. साधं पातं लवकर बोथट होतं. हेच काय ते आपल्या बाजूनं. पण जेवढं कापलं जाईल तेवढी भुकटी पडणार, आणि भुकटी पडली की माणूस काय करतो?"

"काय?"

"खूण दिसावी म्हणून फुंकर मारतो."

घराचं दार ढकललेलं होतं. एकच मोठी खोली. निम्म्या खोलीत माग, त्यावर पांढऱ्या उभ्या धाग्यांचा ताणा. खिडकीत वाइस, वाइसमध्ये करडी तबकडी. खाली तुटलेली दोन पाती पडली होती. नरसय्या पाठमोरा होता. त्यानं करवत थांबवली, तबकडीवर वाकला आणि गाल फुगवले.

"फुंकू नका!" हेमावतीबाई दारातूनच ओरडल्या.

तो दचकून वळला. श्वास बाहेर पडला, पण तबकडीवर नाही.

"करवत खाली ठेवा. हळू. हात झटकू नका. तोंड मिटा, नाकावर ओला फडका धरा आणि बाहेर या. बाकी कुणी आत जाऊ नका."

नरसय्यानं बायकोकडं पाहिलं, निरीक्षकाकडं पाहिलं आणि माठातल्या पाण्यानं टॉवेल भिजवला. बाहेर आला तेव्हा तो चोरासारखा दिसत नव्हता, शाळेत पकडलेल्या मुलासारखा दिसत होता.

"किती कापलं?" उंबरजेंनी विचारलं.

"दोन बोटं. लागतच नाही हत्यार."

"किती वेळा फुंकलं?"

"पाच-सहा वेळा." तो अडखळला. "साहेब, मी चोर नाही. बाईच म्हणाल्या, नापास झालेली तबकडी आहे. मी म्हटलं, नापास झालेल्याला त्या पेटीत ठेवून काय करायचं, माझ्या मागावर तरी पास होईल. उचलून बघायला काय, तिथं ॲल्युमिनियम चालतं. विषाचं कुठं लिहिलं होतं? मी पाटी तीनदा वाचली."

करजगी पुढं झाले. "लिहिलं नव्हतं. ती ओळ मी गाळली. तुम्ही वाचलंत तेवढंच तिथं होतं."

"माझ्यासाठी?" अंबुबाई नवऱ्यापुढं उभी राहिली. ती रडत नव्हती. "माझ्या गुडघ्यासाठी चोरी केलीत? गुडघ्याला विचारलंत का एकदा? तो म्हणाला असता, बाबा, मी दुखतो ते बरं!"

शेजारच्या दारातून कुणीतरी खुदकन हसलं. नरसय्यानं मान खाली घातली.

७

हेमावतीबाईंनी नाकाला ओला फडका बांधून आत जाऊन पाहिलं आणि पाच मिनिटांनी बाहेर आल्या. तबकडी ओल्या पोत्यात गुंडाळली होती.

"उद्या सकाळी दवाखान्यात छातीचा फोटो काढायचा," त्या नरसय्याला म्हणाल्या. "मग दर वर्षी, न चुकता. उद्याचा फोटो चांगला आला तरी. वेळेत बाहेर आलात एवढंच मी सांगू शकते, जास्त खोटं सांगणार नाही."

"बरं."

"फौजदार आल्यावर झालं ते झालं तसं मी सांगीन," उंबरजे म्हणाले. "तुमचं, सरांचं आणि बाईंचंही. एक ग्रॅम इकडंतिकडं होणार नाही."

"सांगा," हेमावतीबाई म्हणाल्या. मग त्या अंबुबाईकडं वळल्या. पुढचं वाक्य त्यांना जड जात होतं. "खिडकीपाशी भुकटी पडलीये ती मी पुसून घेते. पण यांच्या फुंकरांनी ती मागावरही गेली. ताण्याला खळ आहे, तेल आहे, ते धरून ठेवतं. तुम्ही विणायला बसलात की प्रत्येक ठोक्याला ती उडेल. तुमच्या तोंडासमोर."

अंबुबाईनं दारातून मागाकडं पाहिलं. मागावर भिंतीवर लावायचा पट होता. सात हरणं पाणी पितायत असा. सहा विणून झाली होती, सातव्याची शिंगं तेवढी उरली होती. दोन महिन्यांचं काम.

"धूळ दिसते का तुम्हाला?" तिनं विचारलं.

"नाही."

"मला पण नाही दिसत."

"दिसत नाही म्हणूनच."

"मी ओल्या फडक्यानं एकेक धागा पुसून देतो," नरसय्या घाईनं म्हणाला. "आमच्या घरात अर्ध्या ताण्याला कात्री लावत नाहीत, बाई. माझ्या वडलांनी कधी लावली नाही. माणूस गेलं तरच लावतात."

"पुसून निघेल याची खात्री मी देऊ शकत नाही," हेमावतीबाई म्हणाल्या.

उंबरजेंचा हात सवयीनं खिशातल्या फूटपट्टीकडं गेला. इथं त्यांना मोजता येण्यासारखं काही नव्हतं.

अंबुबाईनं पदर कमरेला खोचला. शेजारणीकडून बादली मागितली, फडका भिजवून नाकातोंडाला बांधला.

"माणूस गेलं तर लावतात ना?" ती नवऱ्याला म्हणाली. फडक्याआडून तिचा आवाज जाडसर येत होता. "मी ते जायच्या आधी लावते. तुम्ही बाहेर थांबा."

"अंबू, तू नको, मी..."

"तुम्ही आज पुष्कळ कापलंत."

हेमावतीबाईंनी दाखवलं तसं तिनं आधी सगळा ताणा पाण्यानं भिजवला. वरून खाली, मग कडेनं, एकही जागा कोरडी न ठेवता. मग ती मागाच्या खड्ड्यात उतरली आणि रोज बसते तिथंच बसली. दारातून उंबरजेंना तिची पाठ आणि उजवा कोपर दिसत होता. कात्री डाव्या काठापासून सुरू झाली. ती एकदम कापत नव्हती. बोटांत मावतील तेवढे धागे घेई, कापी, ओल्या पोत्यात ठेवी आणि पुढचे घेई. हरणं एकेक करून सैल पडली.

साडेपाच वाजता ती उजव्या काठाशी पोचली. ताण्यात दोन हजार चारशे धागे होते. तिनं एकही मागं ठेवला नाही.